पट्टेचाचांची गल्ली

आमच्या गल्लीत झेब्रा क्रॉसिंग होतं. पनवेलच्या जुन्या वस्तीतली ही गल्ली इतकी अरुंद, की पावसाळ्यात समोरासमोरून दोन छत्र्या आल्या तर एकीला मिटावंच लागे. रिक्षा आत शिरत नसे आणि हातगाडी शिरलीच तर तिला वळायला जागा नसायची; ती आली तशी उलटी ढकलत बाहेर न्यावी लागे. अशा या गल्लीच्या मध्यावर, सावंतकाकांच्या पायरीपासून आमच्या पायरीपर्यंत, दुधासारखे पांढरे पट्टे मारलेले होते. ओलांडायला एक ढांग पुरे. हे काम पट्टेचाचांचं. आईने कमरेवर हात ठेवून "हे कशाला?" असं विचारलं, तेव्हा चाचा अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वहिनी, तुमी दिवसातून चारदा साखर मागायला पलीकडे जाता. उद्या कायतरी झालं म्हणजे जबाबदार कोण?"

त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमन घ्यायचा. बाकी साऱ्यांना ते पट्टेचाचा. वीसेक वर्षं ते कुवेतला होते आणि तिथे रस्त्यांवर पट्टे मारायचं काम करत होते. पांढरे पट्टे, पिवळे पट्टे, बाण, चौकोन. दुसरं काही नाही. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. सुरुवातीला ते सांगायचे, की शेखच्या महालातलं रंगकाम त्यांच्या हातचं आहे. सावंतकाका बँकेतून निवृत्त झालेले आणि संशयी. त्यांनी उलटतपासणी घेतली, "महालात काय रंगवलंत?" चाचा म्हणाले, "आत येयाचा रस्ता." आता हे खोटं म्हणता येईना.

कायमचे परत आले तेव्हा मी अकरावीत होते. त्यांना रिकामी जमीन दिसली की हात शिवशिवायचे. वडिलांच्या स्कूटरभोवती त्यांनी पिवळा चौकोन आखला आणि स्कूटरचं चाक रेषेवर गेलं की आरशाला चिठ्ठी अडकवायचे, ‘पहिली ताकीद.’ गल्लीतलं पिवळं कुत्रं दुपारी जिथे झोपायचं तिथे ते झोपेत असतानाच त्याच्याभोवती त्यांनी चौकोन मारला. कुत्रं उठून गेलं. आम्हाला वाटलं, आता कसलं येतंय. दुसऱ्या दिवशी ते आलं, चौकोन हुंगला आणि बरोब्बर आत जाऊन झोपलं. चाचांनी आम्हा पोरींकडे बघून मान डोलावली. "शिस्त," म्हणाले. "माणसांना वेळ लागतो."

कोणी चिडून भांडायला आलं की त्यांचं एकच वाक्य असायचं, "सुकू द्या." ओल्या रंगावर पाय द्यायचा नाही आणि ओल्या रागावर बोलायचं नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. ते ऐकून समोरचा आणखी भडकायचा, पण चाचा तोवर चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत माणूस निम्मा सुकलेला असे.

गल्लीतली सगळी दारं राखाडी होती, तीही त्यांचीच करणी. कुवेतहून एकदा सुट्टीवर आले असताना त्यांना दिसलं, की प्रत्येकाच्या दाराला वेगळा रंग, कुठे पोपटी, कुठे विटकरी, कुठे नुसताच गंज. त्यांना ते सहन होईना. त्यांनी राखाडी ऑइलपेंटचा एक मोठा ड्रम आणला आणि सुट्टीचे सगळे दिवस खर्चून गल्लीची सगळी दारं एकसारखी करून टाकली. फुकटचा रंग, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. परत जाताना ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बराच वेळ बघत होते म्हणतात. "एकदम आमच्या कुवेतच्या कॅम्पसारखी दिसते," असं त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. पुढे या राखाडी रंगाने त्यांना पुरतं पकडलं.

कारण खाला विसरायला लागली.

हमीदाखाला, म्हणजे चाचांची बायको. नवरा परदेशी असताना एकटीने मुलगी वाढवली, तिचं लग्न करून उरणला पाठवणी केली आणि वर गल्लीवर राज्य केलं. कोणाचा नळ उघडा राहिला, कोणाकडे पाहुणा आला, कोणाचं पोर शाळा बुडवून तळ्यावर गेलं, सगळं तिला ठाऊक. ईदला तिच्याकडचा शीरखुर्मा गल्लीत घरोघर जायचा, आणि दिवाळीला तिच्या ताटलीतली चकली कमी पडली तर ती मागून घ्यायची. अशी बाई एके दिवशी माझ्या आईला म्हणाली, "तू कोन गं? कोनाची पोरगी?" आईला आधी थट्टाच वाटली. मग खाला बाजारातून येताना आमच्या घरात शिरायला लागली, कधी सावंतांच्या, कधी कुलकर्णी मॅडमच्या. सगळी दारं राखाडी, तिने ओळखावं कशावरून? एकदा तर ती आमच्या खाटेवर बसली आणि वडिलांनाच ओरडली, "परक्याच्या घरात बनियनवर फिरतोस? लाज नाय वाटत?" वडील बिचारे स्वतःच्या घरात शर्ट घालून आले.

आम्ही हसलो, पण चाचा हसले नाहीत. त्यांना मी पहिल्यांदाच न हसताना पाहिलं.

नसीमदीदी, म्हणजे त्यांची मुलगी, उरणहून आली. समजूतदार आणि सरळ बोलणारी. ती म्हणाली, "बाबा, एक तर दाराला बाहेरून कडी घाला, नायतर अम्मीला मी नेते. माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. ग्रील आहे, कुलूप आहे. हरवायची तरी नाही." तिचं काही चुकत नव्हतं. चाचा म्हणाले, "वीस वर्षं ती माज्या नावानं या घरात एकटी बसली. आता मी येऊन तिला कडी लावू? तौबा." मग त्यांनी मुदत मागून घेतली. ईदपर्यंत. तोवर खाला आपली आपण बाहेर जाऊन आपली आपण घरी आली, तर ती इथेच राहील. आणि पुन्हा हरवली, तर उरण. दीदीने कबूल केलं, पण जाताना आईला हळूच सांगून गेली, "काकी, लक्ष असू द्या. बाबांना सगळी मजा वाटते."

चाचांनी त्याच दिवशी कामाला सुरुवात केली. कुवेतमध्ये मोठमोठे ट्रक त्यांच्या बाणांवरून मुकाट जायचे, तर एका खालाची काय कथा? गल्लीच्या तोंडापासून त्यांच्या दारापर्यंत जमिनीवर त्यांनी पिवळेधमक बाण काढले. लांब दांडा, पुढे त्रिकोणी टोक. दोरी लावून, माप घेऊन. मला म्हणाले, "बघ, लाईन सीधी तो दुनिया सीधी." दुसऱ्या दिवशी सकाळी खाला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, कोथिंबीर घेतली, गल्लीच्या तोंडाशी परत आली, बाण पाहिले आणि टाचेवर वळून उलट्या दिशेने निघून गेली.

सगळी गल्ली शोधायला धावली. ती सापडली मच्छीबाजारात. एका कोळणीशेजारी आरामात बसून ती दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी पापलेटचा भाव पाडत होती. चाचांना घाम फुटला होता. "अगं, बाण काढलेत ना मी! बाणाच्या मागनं येयाचं!" खाला त्यांच्याकडे शहाण्या माणसाने वेड्याकडे बघावं तसं बघत म्हणाली, "कसला बान? मासं काढलंयत कोनीतरी. मासा जातो तिकडं आलं मी."

गल्लीत आल्यावर तिने बोटाने दाखवलं. त्रिकोण म्हणजे माशाचं शेपूट. लांब दांडा म्हणजे अंग. म्हणजे मासा निघाला बाजाराकडे. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो, आणि खरं सांगते, एकदा ते दिसल्यावर मला पुन्हा कधी तो बाण दिसलाच नाही. चाचा जमिनीवर उकिडवे बसले होते. आयुष्यभर त्यांनी बाण काढले आणि बाण न समजणारं माणूस त्यांच्याच घरात होतं. मग ते खदाखदा हसायला लागले. "म्हणजे मी वीस वर्षं त्या शेखला मासे काढून देत होतो!"

दीदीला हे कळलंच. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "ही एकदाच सूट, बाबा. मुदत ईदपर्यंतच."

तर मग मासेच काढायचे ठरले, आणि इथून आमच्या गल्लीची रंगरंगोटी सुरू झाली. चाचांच्या हाताखाली आम्ही दोघं. एक दादूस. तो गल्लीच्या टोकाला राहायचा, मूळचा जासईकडचा. लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं, गणपती, केळीचे खांब आणि दाराच्या दोन बाजूंना भालदार-चोपदार रंगवायचा त्याचा पिढीजात धंदा. नुकतेच फ्लेक्स आले होते आणि लग्नघरं एका रात्रीत छापील झाली होती, म्हणून दादूस रिकामा होता. दुसरी मी. इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेत मला ‘बी’ श्रेणी मिळाली होती आणि ती मी घरात कोणाला विसरू देत नव्हते.

पहिल्या दिवशी आम्ही तिघांनी तीन मासे काढले. चाचांचा मासा पट्टी लावून काढलेला, चौकोनी. दादूसच्या माशाला डोळे पाणीदार, भुवया रेखीव आणि मिशा. "दादूस, मिशा कशाला?" असं मी विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, "काय करू गं बाय, मना चेहरा काढला का हात आपोआप मिशीवर जातं." मी मात्र परीक्षेत शिकवल्याप्रमाणे छायाप्रकाश दाखवून मासा काढला होता आणि स्वतःवर खूश होते. खालाला परीक्षक म्हणून आणलं. तिने चाचांच्या माशाला म्हटलं, "ही इस्त्री." दादूसच्या माशाकडे बघून पदर सावरला, "हा कोन पावना?" माझ्यापाशी ती जरा जास्त थांबली. मी आशेने बघत होते. म्हणाली, "वांगं बरं काढलंय."

मग तिनेच भिंतीशी उभं राहून शिकवलं. नावं, माणसं, वार हे तिच्या डोक्यातून निघून जात होतं, पण मासे सगळे जागच्या जागी होते. "बांगडा काढा," म्हणाली, "बांगडा सरळ जातो. आनि बांगड्याच्या पाठीवर पट्टे असतात." हे ऐकून चाचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. अल्लाने दुनियेत निदान एक मासा त्यांच्यासाठी बनवला होता. तेव्हापासून अंग दादूसने काढायचं, चेहरा त्याने काढायचा नाही, पाठीवरचे पट्टे चाचांनी मारायचे आणि पोटाची चांदी मी भरायची, अशी वाटणी झाली. गल्लीच्या तोंडापासून दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीवर बांगडे पोहायला लागले. निळे, हिरवे, जांभळे, सगळे एका दिशेने, घराकडे.

खाला त्यांच्या मागून येऊ लागली खरी, पण दार चुकायचं ते चुकायचंच. चाचा म्हणाले, "दारं मीच बिघडवली, मीच बोलकी करतो." त्यांनी खालाला प्रत्येक दारापुढे उभं केलं आणि विचारलं, "इथं कोन राहतं?" नाव तिला एकाचंही आलं नाही. पण माणूस यायचा, त्याच्या खोडीसकट. आमच्या दारापुढे ती म्हणाली, "ती, गप्पा मारते नि दूध उतू घालवते." सावंतकाकांच्या दारापुढे म्हणाली, "कोंबड्याला घाबरतो तो." पूर्वी खालाकडे एक तिखट कोंबडा होता, त्याने काकांना एकदा पाण्याच्या टाकीवर चढवून बसवलं होतं. आणि कुलकर्णी मॅडमच्या दारापुढे क्षणाचाही विचार न करता, "माजे डबे."

चाचा टाळी वाजवून म्हणाले, "बस! हेच काढायचं." मी म्हटलं, "चाचा, लोक मारतील." म्हणाले, "आधी काढू. मग सुकू देऊ."

परवानग्या त्यांनी कशा मिळवल्या ते सांगण्यासारखं आहे. सावंतकाकांना सांगितलं, की कोंबडा हे शौर्याचं आणि वेळेच्या शिस्तीचं चिन्ह आहे, बँकेच्या माणसाला दुसरं काय शोभणार? काका फुगले आणि तुरा मोठा काढा म्हणून मागे लागले. कुलकर्णी मॅडमना सांगितलं, की तुमच्या दारावर भरलेले डबे, म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. माझ्या आईला सांगितलं, की तुमच्या खिडकीतून दूध ओसंडून वाहताना दाखवतो, म्हणजे घरात बरकत. आईने तर मला भरभरून पांढरा रंग वापरायला सांगितलं. खिडकीखालून पायरीपर्यंत मी फेसाळ दूध काढलं. मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड मिटून होते, हे आईला आजही पटत नाही.

चार-पाच दिवस गल्ली नुसती मिरवत होती. मग एक दिवस दुपारी खाला बाजारातून आली. बांगड्यांच्या मागोमाग चालत ती दारं मोठ्याने वाचत आली, "ही दूध उतू घालवनारी. हा कोंबड्याला भ्यायलेला. हीनं माजे डबे दिले नाय." आणि शेवटी आपल्या दारापुढे थांबून आत गेली. बरोब्बर आपल्या घरात. चाचा तिच्या दोन पावलं मागे होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आम्हाला वाटलं हसतायत.

त्यांना मनसोक्त रडायलासुद्धा मिळालं नाही, कारण तोवर सारी गल्ली त्यांच्या अंगावर धावून आली होती. सावंतकाका म्हणाले, "हा कोंबडा आत्ताच्या आत्ता पुसा!" आई म्हणाली, "बरकत काय? बरकत?" चाचा सगळ्यांचं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पुसतो. सगळं पुसतो. फक्त एक सांगा, तिला तुमची दुसरी कुठली गोष्ट आठवते ते विचारून या. ती काढतो." "तिच्या डोक्यात तुमी तेवढेच राहिलायत," ते म्हणाले. "तेवढं तरी राहू द्या." नंतर चहा आला.

कोणीच काही पुसलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी कुलकर्णी मॅडम तीन स्टीलचे डबे घेऊन खालाकडे गेल्या, आणि रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यांनी तिन्हींत लाडू भरले होते. खालाने डबे घेतले, झाकणं उघडून पाहिली आणि म्हणाली, "चौथा?" आईचा राग मात्र बरेच दिवस टिकला. तोही गेला कशाने, तर एका सकाळी आई खिडकीत सावंतकाकूंशी बोलत उभी होती आणि खाला जाता जाता ओरडली, "दूधवाले, गॅस बघ!" आई धावली. दूध अगदी काठाला आलं होतं. पुढे दिवाळीला वडिलांनी बाहेरची भिंत नव्याने रंगवायची काढली, तेव्हा आईने त्यांना आधी माळा साफ करायला लावला आणि विषय तिथेच मिटला.

ईदला नसीमदीदी आली तेव्हा खाला एकटी कोपऱ्यावर जाऊन शेवया घेऊन आली. दीदी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. खाला घरात शिरल्यावर दीदी सावंतकाकांच्या कोंबड्यापाशी बसून हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली. उरणचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग गल्ली गाजली. मुंबईच्या कला महाविद्यालयातली मुलं कॅमेरे घेऊन आली. त्यांनी चाचांना विचारलं, "यामागची संकल्पना काय?" चाचांनी दाढी कुरवाळली. दूध म्हणजे मातृत्व, कोंबडा म्हणजे जागृती, डबे म्हणजे बंधुभाव आणि बांगडे म्हणजे मानवजात, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मुलं लिहून घेत होती. दादूस मागे उभा राहून मला म्हणाला, "आयला, आपन यवढं सगलं काढलंव?" पुढे रविवारी-रविवारी लोक फोटो काढायला यायला लागले. चाचांनी जमिनीवर पिवळी पावलं रंगवली आणि वर लिहिलं, ‘फोटोसाठी येथे उभे राहा.’ ती जागा कुलकर्णी मॅडमच्या ओल्या कपड्यांच्या दोरीच्या बरोब्बर खाली होती.

त्यांचं स्वतःचं दार तेवढं राखाडी राहिलं होतं. मी सारखी विचारायचे, "तुमच्या दारावर काय काढायचं?" ते टाळायचे. शेवटी एकदा माझ्यासमोर त्यांनी खालाला तिथे उभं केलं. "इथं कोन राहतं?"

"मी," खाला म्हणाली.

"आनि?"

"माजा नवरा. तो कुवेतला हाय."

चाचांनी हातातला ब्रश दुसऱ्या हातात घेतला. "कसा हाय तो?"

"उंच हाय. केस काळे कुळकुळीत. सुट्टीवर येतो नि जातो." मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तू पेंटर चांगला हायस. तो आला का त्याला दाखवीन तुजं काम."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. जो माणूस वीस वर्षं नव्हता तो तिला आठवत होता, आणि जो रोज तिच्या मागे दोन पावलं चालत होता तो तिच्या लेखी रंगारी होता. चाचा मात्र डोळे मिचकावून मला म्हणाले, "नवरा देखना होता असं म्हनते, ऐकलंस ना? लिहून ठेव." त्यांनी दारावर एक विमान काढलं. उतरणारं. त्याला त्यांनी पट्टे मारले नाहीत.

त्यानंतर ते पेंटरच झाले. सकाळी खाला त्यांना चहा द्यायची तो पाहुण्याच्या कपातून. ते विचारायचे, "काय खबर तुमच्या नवऱ्याची?" ती तक्रारी सांगायची, पत्र येत नाही, फोनवर नुसता हसतो, आळशी आहे. ते म्हणायचे, "असल्या माणसाला सोडून द्या." ती रागावायची, "तोंड सांभाळून बोल हां. लाखात एक हाय माजा नवरा." एवढं ऐकलं की चाचांचा दिवस चांगला जायचा. मला वाटतं, ते वाक्य ऐकायलाच ते रोज तिची खोडी काढायचे. आमच्या गल्लीत इतकं लाडीगोडीचं जोडपं दुसरं नव्हतं, आणि त्यातल्या एकीला आपण जोडपं आहोत हे ठाऊकच नव्हतं.

माझं लग्न होऊन मी करंजाड्याला आले. माहेरी जायची तेव्हा चाचा भिंतीपाशीच असायचे, उडालेली चांदी भरत. "तुजं पोट कच्चं होतं," असं माझ्या रंगकामाबद्दल म्हणायचे.

ते गेले एका सकाळी, रंगाचा डबा ढवळता ढवळता. दादूसने धावत जाऊन रिक्षा आणली, ती गल्लीच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांना घरात आणून ठेवलं होतं, वर पांढरी चादर. पुरुष बाहेर बाकांवर बसले होते. आत बायका. नसीमदीदी दाराशी माझ्या आईचा हात धरून उभी होती. ती रडत नव्हती, तिला एकच प्रश्न पडला होता. "काकी, अम्मीला काय सांगू? बाबा गेले म्हटलं, तर म्हणेल, माझा नवरा कुवेतला आहे. तिच्या डोळ्यांतून पाणीसुद्धा यायचं नाही. जन्मभराच्या माणसाला तेवढंही मिळू नये?"

खाला आतल्या खोलीतून हातात तसबीहची माळ घेऊन बाहेर आली. एवढी माणसं पाहून गोंधळली. तिने ओळखीचा चेहरा शोधला आणि आईजवळ येऊन हळूच विचारलं, "दूधवाले, कोनाची मयत झाली गं?"

माझ्या आईच्या पोटात कधी काही राहिलेलं नाही. तिने दीदीकडे एकदा बघितलं. मग खालाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "खाला, आपला पेंटर गेला."

खाला चादरीजवळ गेली, त्यांच्या उशाशी बसली आणि तिने असा टाहो फोडला की बाहेरचे पुरुष उठून उभे राहिले. "रोज माज्या मागनं यायचा," ती रडत सांगत होती. "मला वाटायचं मी एकटीच घरी आलं. वळून बघितलं का हा. कधी हात नाय धरला, कधी ओरडला नाय." दीदी तिच्याशेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

न्यायची वेळ झाली. माणसं आत आली तशी खालाने हात आडवा केला. डोळे पुसले, पदर डोक्यावर नीट घेतला. पूर्वी गल्लीवर राज्य करायची तो आवाज किती वर्षांनी परत आला होता.

"थांबा," ती म्हणाली. "याचं हितं कोनी नाय ना? मग याला माज्या घरचा मानूस म्हनून न्या. माजा नवरा काय बोलनार नाय. त्याला मी सांगेन."

मग त्यांना त्यांच्याच घरातून, त्यांच्याच बायकोच्या परवानगीने, बाहेर नेलं.